मोटारीतलं पाणी

रेघ राखेची होती.

मोटारीच्या चारी बाजूंनी ओढलेली. बोटभर रुंद, पांढुरकी, कुठेही न तुटलेली. आदल्या संध्याकाळी ती नव्हती. आदल्या संध्याकाळपर्यंत मी त्याच जागी, त्याच मोटारीखाली पाठीवर पडून होतो. माझा घाम त्या मातीत जिरला होता. माझ्या पाठीचा ठसा अजून तिथे असेल असं मला वाटलं होतं. सकाळी आलो तर ठसा नव्हता. रेघ होती.

"तठेच उभा ऱ्हाय," पाटील म्हणाले. "रेघना मजार पाय टाकू नको."

मजार म्हणजे आत.

मी थांबलो. माझ्या हातात मोटारीचं हँडल होतं. पुढून खुपसून, फिरवून इंजिन सुरू करायचं ते लोखंडी हँडल. घरी नेऊन मी ते वाळूनं घासलं होतं, तेलाच्या फडक्यानं पुसलं होतं.

"हँडल खाले ठेव. हातमा देऊ नको."

मी ते जमिनीवर ठेवलं. पाटलांची थोरली विधवा बहीण, जिला सगळं गाव अक्का म्हणायचं, पुढे आली. तिच्या हातात वाटी होती. वाटीत गोमूत्र. आंब्याचं पान बुडवून तिनं हँडलवर शिंपडलं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत. मग पाटलांच्या पुतण्यानं ते उचललं.

लोखंड अजून माझ्या तळव्यानं गरम असणार. त्याला ते जाणवलं असणार.

हे मी आज लिहितो आहे ते कोणी हळहळावं म्हणून नाही. हळहळणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. त्या दिवशी माझ्या बापानं मला एक प्रश्न विचारला. आईनं दुसरा. दोन्हींची उत्तरं माझ्या तोंडून निघाली नव्हती. ती द्यायची राहिली आहेत.

आमचं गाव शिंदखेड्याकडचं. माझा बाप पाटलांचा सालदार. आमच्याकडे सालदाराचं वर्ष पाडव्याला सुरू होत नाही, आखाजीला होतं. अक्षयतृतीयेला जुनं साल संपतं, त्याच दिवशी मालक नवं साल बोलतो. बोलला तर वर्षभराची भाकरी. नाही बोलला तर चालू लागायचं. गावाच्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. सालदाराच्या घरात मात्र सकाळपासून कोणी मोठ्यानं बोलत नाही. माझ्या लहानपणच्या सगळ्या आखाज्या मला तशाच आठवतात. लांबून झोक्यावरची गाणी, आणि घरात बापाच्या येण्याची वाट.

मी त्यातून निसटलो होतो. धुळ्याला, आग्रा रोडवर एका मुसलमान मिस्त्रीचं गॅरेज होतं. आधी मी तिथे मोटारी धूत होतो. मग पाने देऊ लागलो, मग पाने फिरवू लागलो. मिस्त्रीनं मला जात विचारली नाही असं नाही. विचारली. मी सांगितली. त्यानं "अच्छा" म्हटलं आणि कोपऱ्यातल्या माठाकडे बोट केलं. "पानी उधर है. जिसको प्यास लगे, खुद लेने का. यहाँ कोई किसी का नौकर नहीं."

मी माठाशी गेलो आणि किती तरी वेळ नुसता उभा राहिलो. माठातून आपल्या हातानं पाणी घेणं मी घराबाहेर कधी केलं नव्हतं.

त्या गॅरेजात मी काम शिकलो, आणि संध्याकाळी मजुरांच्या वस्तीत वाटली जाणारी पत्रकं वाचायला शिकलो. स्वस्त कागद, पुसट शाई. कुणा एकाला वाचता यायचं, बाकीचे ऐकायचे. पुढे वाचणारा मी झालो. माणसाला पाणी नाकारणं हे पाप नाही, गुन्हा आहे, असं एकात लिहिलं होतं. पाप आणि गुन्हा यांतला फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला. पापाची शिक्षा मेल्यावर मिळते. गुन्ह्याची मागता येते.

आणि मिस्त्रीनं एक नेम शिकवला. नवं इंजिन बसवलं की पहिल्यांदा सुरू करायचं ते बसवणाऱ्यानंच. "जो बिठाए, वही जगाए," तो म्हणायचा. त्यात मानापानाचा भाग थोडा, कामाचा जास्त. नवं इंजिन पहिल्यांदा फिरतं तेव्हा काय बोलतं ते बसवणाऱ्यालाच समजतं. कुठे खरखर आहे, कुठे घट्ट आहे, कधी लगेच बंद करायचं. दुसऱ्याच्या हातात हँडल दिलं तर काम अर्धं राहिलं.

पाटलांच्या मोटारीचं इंजिन फुटलं. नवं इंजिन लाकडी खोक्यातून रेल्वेनं आलं. पाटलांनी धुळ्याला निरोप धाडला. मिस्त्रीची कंबर धरली होती. त्यानं मला पाठवलं. "तेरा ही गाँव है. जा."

माझंच गाव होतं, म्हणून मी आनंदानं गेलो. आज त्या आनंदाची मला चीड येते.

पाटलांच्या खळ्यात, निंबाखाली मोटार उभी होती. मी आलो तेव्हा कुणी राख ओढली नाही. कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. जुनं इंजिन मी उतरवलं, नवं साखळीनं उचलून बसवलं. मोटारीच्या आत शिरलो, खाली शिरलो, बसायच्या गाद्या काढून उन्हात टाकल्या. कुणी अडवलं नाही. मला वाटलं, दिवस बदलले.

दिवस बदलले नव्हते. मोटार मेलेली होती. मेलेल्या जनावराला गावात हात कोण लावतो? आम्ही. ओढून नेतो कोण? आम्ही. मोटारही मेली होती तोवर आमचीच होती. ती जिवंत व्हायची वेळ आली तशी राख आली.

पण हे मला नंतर कळलं. तेव्हा मी कामात बुडालो होतो.

कामात एकच माणूस माझ्याजवळ येऊन बसायचा. पाटलांचा पुतण्या. त्याला सगळे भाऊसाहेब म्हणत. पुण्याला शिकून आलेला, अंगात खादी, डोक्यावर पांढरी टोपी. मला बंधू म्हणायचा. जातिभेद हा आपल्या समाजाचा कलंक आहे, असं म्हणायचा. खऱ्या मनानं म्हणायचा, हेही मी लिहितो. एकदा भर दुपारी मी माझ्या लोट्यातलं पाणी पीत होतो. तो म्हणाला, "तुमच्या हातचं पाणी प्यायला माझी काहीच हरकत नाही, बंधू. आत्ता तहान नाही इतकंच."

त्याच्या ओठांना कोरड पडली होती. मला दिसत होतं.

तरी मला तो आवडायचा. त्याला मोटारीची हौस होती. विचारायचा, आणि मी सांगायचो. ऑइल किती आणि कुठून घालायचं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेलाचे दोन थेंब का सोडायचे. ठिणगी बंद ठेवून इंजिन हातानं नुसतंच का फिरवायचं, म्हणजे तेल वरपर्यंत चढतं आणि पहिल्या धडाक्यात लोखंडावर लोखंड घासत नाही. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, आवळून धरायचं नाही. कारण इंजिन उलटं मारतं, आणि अंगठा अडकला तर मनगट मोडतं. त्यानं माझ्या हातावर हात ठेवून ते धरून पाहिलं होतं. तेव्हा त्याला विटाळ झाला नव्हता.

रेडिएटरच्या तळाशी असलेली पाणी सोडायची तोटीही मीच त्याला दाखवली. ती आडबाजूला असते. माहीत नसलेल्याला सापडत नाही. घट्ट होती. कशी दाबून फिरवायची तेही दाखवलं.

गावात आणखी कुणाला ती तोटी माहीत नव्हती.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी फक्त पाणी भरायचं राहिलं. पाणी रात्रभर भरून ठेवायचं असतं. नव्या रबरी नळ्या, नवे जोड. कुठे गळत असेल तर सकाळी जमीन ओली दिसते. जमीन कोरडी असली तर समजायचं, जोड पक्के.

पाटलांची विहीर खळ्यालगतच होती. पाणी वर होतं. मी तिकडे पाहिलं आणि पाहणं सोडून दिलं. घरी गेलो. आईला म्हणालो, पाणी पाहिजे, स्वच्छ, वाळूचा कण नको.

वैशाखात आमची नदी आटते. महारवाडा वाळूत खड्डा खणतो. त्याला झिरा म्हणतात. वाटीनं पाणी काढत बसायचं, पुन्हा झिरपण्याची वाट पाहायची. आईनं पत्र्याच्या डब्याच्या तोंडावर आपला पदर चौघडी करून धरला. मी वाटीनं ओतत गेलो. पदरातून पाणी गळून डब्यात पडत होतं. एकदा गाळलं. तिला पुरेसं वाटलं नाही, पुन्हा गाळलं. "मोटार म्हंजे नाजूक काम," ती म्हणाली. तिनं आयुष्यात मोटारीला हात लावला नव्हता.

ते पाणी मी मोटारीत भरलं. झाकण लावलं. तोटी तपासली. घरी गेलो.

सकाळ. राख. गोमूत्र. आणि मी रेघेबाहेर.

मी सवयीनं सगळ्यांत आधी मोटारीखाली पाहिलं.

जमीन ओली होती.

जोड गळाला. माझा जोड. सगळं गाव जमलं आहे, पाटलांचे सोयरे आलेत, भटजी पूजेचं ताट मांडून बसलेत, आणि मी बसवलेलं इंजिन गळतं आहे. खळ्याच्या कडेला बाप उभा होता. धुतलेलं पागोटं बांधून. आज त्याचं साल बोललं जायचं होतं. त्यानं माझ्याकडे पाहून मान हलवली, चांगली. त्याला अभिमान वाटत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मी रेघेच्या काठाकाठानं सरकलो. खाली वाकलो. नळीचे जोड दिसत होते. कोरडे होते. ओल जोडाखाली नव्हती. ओल तोटीखाली होती. आणि ती थेंबाथेंबानं पडलेली ओल नव्हती. धार पडून पाणी वाहत गेलेलं होतं, पार निंबाच्या बुंध्यापर्यंत. त्यावरून कुणीतरी शेणानं सारवलं होतं. बोटांच्या कमानी उमटल्या होत्या.

गळालं नव्हतं. सांडलं होतं. सांडून वर सारवलं होतं.

मी मान वर केली. भाऊसाहेब हँडल घेऊन मोटारीच्या तोंडाशी उभा होता. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होता.

मला वाटलं, मग पुन्हा भरलं असेल. त्यांच्या विहिरीचं, त्यांच्या हातानं. तसं असेल तर असो. इंजिनाला पाण्याची जात कळत नाही. मी खळ्यात नजर फिरवली. बादली नव्हती. ओला दोर नव्हता. विहिरीच्या काठावर हळदकुंकू लावलेली नवी घागर पालथी होती. रिकामी.

तेव्हा उलगडलं. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात. मेलेल्यांना पाणी देतात. पाटलांच्या घराचा नेम कडक होता. पितरांची घागर भरल्याशिवाय त्या दिवशी विहिरीचं पाणी दुसऱ्या कशालाही काढायचं नाही. आणि भटजी एकच. मोटारीचा मुहूर्त आधी, घागर नंतर.

म्हणजे मोटारीत पाणी नव्हतं. माझं सांडलेलं. त्यांचं अजून निघायचं.

ज्यांना मोटारीतलं कळत नाही त्यांच्यासाठी लिहितो. पाण्याशिवाय नवं इंजिन चालवलं तर ते थोड्याच वेळात तापून लाल होतं, आतले पिस्टन फुगून जागच्या जागी अडकतात. इंजिन संपतं. आणि सगळे म्हणणार, ज्यानं बसवलं त्यानं मारलं.

भटजींनी मंत्र सुरू केले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं गेलं. पाहुण्यांपैकी एक शिंदखेड्याचा व्यापारी पुढे झाला आणि त्यानं पाटलांना विचारलं, "नाना, कोनी बसाडं इंजिन?"

"धुयाना मिस्त्रीनी," पाटील म्हणाले. धुळ्याच्या मिस्त्रीनं.

मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. बापानं ते ऐकलं. त्याची मान हलायची थांबली.

नारळ फुटला. त्याचं पाणी चाकावर शिंपडलं. चाकाला पाणी मिळालं.

भाऊसाहेबानं हँडल खुपसलं.

मी गप्प राहू शकलो असतो. हे मला लिहिलंच पाहिजे. तो विचार माझ्या डोक्यात आला आणि थांबला. चालू द्या. तापू द्या. फुटू द्या. तुमच्या अंगणात, तुमच्या मुहूर्तावर, तुमच्या राखेच्या आत. पण त्या इंजिनानं माझं काय केलं होतं? त्यात तेलाचा एकेक थेंब मी सोडला होता. त्यानं मला कधी बाहेर उभं केलं नव्हतं.

"भाऊसाहेब, थांबा!" मी ओरडलो.

त्यानं ऐकलं नाही, की ऐकून ऐकलं नाही. त्यानं ओढलं. इंजिन अर्धं फिरलं, धाप टाकल्यासारखं करून थांबलं. त्यानं पुन्हा हँडल खाली आणलं. त्याचा अंगठा आवळलेला होता.

मी रेघ ओलांडली.

राख पायाला गार लागली. मी जाऊन हँडल धरलं. त्याच्या हाताच्या वर माझा हात.

"पाय टाका रे त्यानी! रेघ मोडी टाकी!" अक्का किंचाळली. बायका मागे सरल्या. झोक्यावरचं गाणं थांबलं. पाटलांच्या हातातली काठी वर गेली.

"काय करस रे? सरक मांगे!"

"नाना, मजार पानीच नही शे," मी म्हणालो. "पानी सांडी दिधं कोनी तरी. आते चालू करशात ते इंजिन जाई."

काठी वरच राहिली.

"मीच सांडाले लावं," अक्का म्हणाली. तिच्या आवाजात चोरी नव्हती. "म्हारवाडानं पानी. आखाजीना दिन, मना दारमा! पितर येतस आज. त्यास्ना समोर ते पानी ठेऊ?"

"थोडंच चालवणार होतो," भाऊसाहेब हळूच म्हणाला. "घागर झाली की लगेच भरणार होतो."

"तोटी कोणी उघडली?" मी विचारलं. त्याच्याशी मी नेहमी त्याच्या शुद्ध भाषेत बोलायचो. त्या दिवशीही बोललो.

त्यानं डोक्यावरची टोपी सारखी केली.

"अक्कांना ती तोटी सापडली नसती. गावात कुणालाच सापडली नसती. मी एकाच माणसाला दाखवली होती."

"अक्कांच्या समाधानासाठी केलं, बंधू." त्याचे कान लाल झाले. "माझा स्वतःचा या गोष्टींवर विश्वास नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"विश्वास नाही आणि तरी उघडली. अक्कांचा निदान विश्वास तरी आहे."

त्यानं हँडल सोडलं आणि जाऊन ओट्यावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी आजही सांगतो, अक्काचा राग माझ्या मनातून केव्हाच गेला. त्याचा गेला नाही.

पाटील माणूस व्यवहारी. मोटार वाचली हे त्यांच्या ध्यानात आलं. मुहूर्त टळतो आहे हेही आलं. त्यांनी भटजींकडे पाहिलं. भटजी घसा खाकरून म्हणाले, "अडचणीच्या वेळी चालतं. यंत्राला पाणी देण्यात दोष नाही. घागर मागाहून भरू."

इतकं सोपं होतं. पितरांचा नेम, कुणी जाणे किती पिढ्यांचा, एका खाकरण्यात मोडला. गडी धावला, बादली विहिरीत सोडली. मेलेले थांबायला तयार झाले, कारण मोटार थांबायला तयार नव्हती.

बादली वर आली. पाणी हलत होतं, उन्हात चमकत होतं.

पाटील माझ्याकडे वळले. काठी खाली आली होती. आवाजही. "रेघ मोडी गयी ते गयी. आते तूच चालू कर. गडी पानी भरी, तू हँडल मार. मांगून बठ्ठं शुद्ध करी लेसूत."

सगळ्यांना ते योग्य वाटलं. बापाच्या चेहऱ्यावर रंग परत आला. मिस्त्रीचा नेमही पाळला जात होता. जो बिठाए, वही जगाए. मला हवं ते मला मिळत होतं.

मांगून बठ्ठं शुद्ध करी लेसूत.

मागाहून सगळं शुद्ध करून घेऊ. म्हणजे मी हँडल मारायचं. इंजिन जागं करायचं. आणि ते जागं झालं की माझा हात त्याच्यावरून धुऊन काढायचा.

"पानी मी भरसू," मी म्हणालो.

"काय?"

"पानी मी भरसू. ह्याच इहीरनं. मना हातनी बादली वढसू, मना हातनी भरसू. मंग हँडल मारसू."

बायका आणखी मागे सरल्या.

"परत म्हन," पाटील म्हणाले.

"आधी पानी. मंग हँडल."

त्यांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर सोपं झालं असतं. ते वळले आणि माझ्या बापाकडे पाहिलं. "सुक्या. आज आखाजी शे. तुना सालनं बोलनं बाकी शे. पोऱ्याले समजाड."

माझ्या बापाचं नाव सुकदेव. त्याचे केस पांढरे झाले होते.

तो रेघेपर्यंत आला. रेघ मोडलेली होती, राख विस्कटलेली होती, तरी तो तिथेच थांबला. मोडलेल्या रेघेबाहेर.

"मार रे बाप," तो म्हणाला. आमच्याकडे लाडानं पोराला बाप म्हणतात. "एकदाव मार. मनं साल जाई रे."

मी हँडल बाहेर काढलं. सगळ्यांना वाटलं मी काय करतो कुणास ठाऊक. गड्यानं बादली मागे घेतली. मी ते वाकून जमिनीवर ठेवलं, जिथे सकाळी ठेवायला लावलं होतं तिथेच. माझी पान्यांची पिशवी उचलली. आईचा पत्र्याचा डबा निंबाखाली पालथा पडला होता. तो उचलला.

"नाना, इंजिन चांगलं शे," मी म्हणालो. "पानी भरा आणि मंगच फिरवा."

आणि खळ्यातून बाहेर पडलो. बाप माझ्यामागे आला नाही. तो दिवसभर तिथेच उभा राहिला.

त्याचं साल बोललं गेलं नाही.

तो घरी आला तेव्हा झोके सोडलेले होते. उंबऱ्यात बसला. पागोटं सोडून गुडघ्यावर ठेवलं. मी त्याच्या शिव्यांची वाट पाहत होतो. त्यानं शिव्या दिल्या नाहीत.

"तुले हँडल मारता येत व्हतं ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"मंग काब्र नही मारं?"

का नाही मारलं. मला पत्रकांतली वाक्यं पाठ होती. धुळ्यात मी ती मोठ्यानं वाचून दाखवत असे. त्या उंबऱ्यात एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. वर्षाची भाकरी गेलेल्या माणसापुढे पत्रक वाचता येत नाही.

आई चुलीशी होती. पाणी सांडल्याचं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिनं तो पत्र्याचा डबा आत घेतला, उजेडाकडे धरून बघितला, तळाशी बोट फिरवलं.

"गढूय व्हतं का?" तिनं मला विचारलं.

गढूळ होतं का. तिला वाटलं, आपलंच चुकलं. दोनदा गाळूनही वाळू राहिली असेल. म्हणून सांडलं.

बापाचा प्रश्न मी सहन केला. हा मला सहन झाला नाही. मी उठून बाहेर गेलो.

मोटारीचं पुढे काय झालं तेही सांगतो. कुठलासा दुसरा मिस्त्री आणला, इंजिन सुरू झालं, चांगलं चाललं. आग्रा रोडवरून ती मोटार जाताना मी ते कितीदा तरी ऐकलं आहे. आवाज साफ आहे. ते मी बसवलेलं आहे. मोटारीवर शाप पडला नाही, पाटलांना उपरती झाली नाही. माझ्या बापानं त्या वर्षी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. एका उन्हाळ्यात त्याची पाठ म्हातारी झाली. याचं उत्तरदायित्व माझ्यावरही आहे आणि मी ते नाकारत नाही. पण साल मी तोडलं नाही. ज्यानं तोडलं त्याचं नाव आणि हुद्दा सगळ्या गावाला माहीत आहे.

मी धुळ्याला परत गेलो आणि मिस्त्रीला एकच गोष्ट सांगितली. यापुढे मी ज्या मोटारीचं काम करीन तिच्यात पाणी मीच भरीन. मालकाच्या देखत. मालकाच्या घरी काम असेल तर मालकाच्या विहिरीचं, मालकाच्या नळाचं. माझ्या हातानं. नाही म्हणाला तर मी पाना लावणार नाही.

मिस्त्रीनं विडीचा झुरका घेतला. "गिऱ्हाईक जाएँगे," तो म्हणाला.

"जाऊ देत."

"मेरे जाएँगे. तेरे नहीं."

ते खरं होतं. मी पिशवी उचलली. त्यानं विडी विझवली. "रख," तो म्हणाला. "गुस्से में पाना मत उठा."

गिऱ्हाइकं गेली. काही गेली आणि परत आली, कारण मोटार बंद पडली होती. काहींनी तोंड फिरवून बादली पुढे केली. मला त्यांचं तोंड नको होतं, बादली हवी होती. एका वकिलाच्या घरी मला नळाजवळ जाऊ दिलं नाही. भर पावसात त्याची मोटार दारात उभी ठेवून मी निघून आलो. माझ्याबरोबर आता आमच्या वस्तीतले आणखी तिघे गॅरेजात आहेत. पहिल्या दिवशी मी त्यांना पाना दाखवत नाही. अट सांगतो. पटली तर पाना.

बा, तू विचारलं होतंस. हे उत्तर आहे. मला हँडल मारता येत होतं, म्हणूनच नाही मारलं. येत नसतं तर माझ्या नाही म्हणण्याला कुणी विचारलं असतं? आपण आजवर त्यांचं सगळं जागं करून दिलं. शेत, खळं, मोटार. आणि प्रत्येक वेळी आपल्यामागे त्यांनी जागा सारवून घेतली. ती सारवायची सोय मी त्यांना पुन्हा देणार नाही. तुझ्या सालासाठी दिली नाही. माझ्या पोटासाठीही देणार नाही.

आई, पाणी गढूळ नव्हतं. एक कणही नव्हता.

अजून गावोगाव मोटारी येत आहेत. पिठाच्या गिरण्या येत आहेत, पाण्याचे पंप येत आहेत, सरकी काढायची यंत्रं येत आहेत. प्रत्येकाला कुणाचा तरी हात लागणार. तुमच्या खळ्यात, तुमच्या विहिरीशी आम्ही येऊ. दिवसाढवळ्या येऊ, पान्यांची पिशवी घेऊन. मुहूर्त तुमचा असेल. अट आमची.

आधी पाणी. मग हँडल.